बोर्डिंगचं पिंप आणि मळ्यातली विहीर

अमरावतीहून वलगावला जाणाऱ्या वाटेवरच्या बोर्डिंगात मी सुपरिंटेंडंट होतो. पिण्याचं पाणी गाळायला तिथं एक लोखंडी पिंप होतं. खाली वाळू, वर बाभळीचा कोळसा. शेजारच्या मळ्यातली माळीण आपल्या विहिरीचं पाणी आणून वरच्या फडक्यातून ओतायची. पिंपात हात घालायची तिला मनाई होती. सोवळं आमचं, म्हणून आतलं काम माझ्याकडे.

दर पंधरवड्याला कोळसा काढून उकळत्या पाण्यात धुवायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा, जुना झाला की फेकायचा. ओला कोळसा लोखंडाला टेकला की पत्रा खातो, म्हणून आतून चुन्याचा गिलावा असे. तो सुटला की लगेच लिंपायचा. सगळं मला ठाऊक होतं. पण हात काळे करायची लाज वाटे. वरचा थर तेवढा बदलून मी झाकण लावत असे.

एका उन्हाळ्यात पाणी तांबूस झालं, पोरं हगवणीनं आडवी पडली. कमिटीनं विचारलं, "पाणी कुठलं?"

"मळ्यातलं," मी म्हणालो. खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त वाईट.

माळीण दारात येऊन म्हणाली, "मास्तर, त्या इहिरीचं पानी आमीबी पेतो. तुमचं पिंप उघडून पाहा ना!"

मी तिला परत पाठवलं. नंतर एकट्यानं पिंप उपसलं. तळाचा कोळसा बुळबुळीत, गिलावा गळालेला, पत्र्याची चाळणी. तोवर तिच्या विहिरीची बदनामी पसरली होती, बाजारात तिच्या भाजीला कुणी हात लावेना.

सहा वर्षांनी मी कमिटीपुढं सगळं सांगितलं. अध्यक्ष वकील होते. "पोरं बरी झाली ना? ग्रँटसाठी नागपूरचा इन्स्पेक्टर येऊन राहिला, अन् तुमी आता काहून उकरून राहिले?"

"ज्या पिंपाला तिला शिवू दिलं नाही, त्यातली घाण तिची कशी?"

"मंग राजीनामा द्या."

"देणार नाही. मला काढा, आणि कारण लिहून काढा."

तिथून उठून मळ्यात गेलो, तिला सांगितलं. ती वांगी तोडतच राहिली.

"सहा सालं लागले तुमाले? मले काय सांगता, मले मालूम हाय. बाजारात सांगा."

बाजाराच्या दिवशी तिच्या पाट्यांजवळ उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. ओळखीचे हसले. "मास्तर, ऊन लागलं काय?" एका बाईनं मेथीची जुडी उचलली, हुंगली, परत ठेवली.

मी त्या बाईला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.