दाखल्यावरचं कारण

शाळेच्या हेडक्लार्क बाईंशी कुणाचं पटत नसे आणि त्यांना त्याचं सोयरसुतकही नव्हतं. खडूचा खोका मागायला आलेल्या शिक्षकाला त्या आधी जुने तुकडे दाखवायला लावत. पाठीमागे सगळे त्यांना 'कात्री' म्हणत.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी समुपदेशक बाईचं काम बंद केलं. ती आठवड्यातून दोन दिवस येऊन सातवी ते दहावीच्या मुलामुलींशी बोलायची: प्रेम जमलं म्हणून दुसऱ्याचा मोबाइल तपासायचा हक्क मिळत नाही, राग आला तरी हात आवरायचा, नाही म्हणजे नाहीच.

"नुसत्या गप्पांचे पैसे शाळा देणार नाही," म्हणत क्लार्कबाईंनी तिचा मुदतवाढीचा कागद परत सरकवला होता.

यंदा दहावीतल्या एका मुलानं नववीतल्या मुलीला जिन्यात गाठलं. दोघांचं वर्षभर जमलेलं. तिनं मोबाइल दाखवला नाही म्हणून त्यानं सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली मारली आणि खाली ढकललं. खांद्याचं हाड मोडलं.

महिन्याभरानं तिची आई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला खिडकीशी आली. कारणाच्या रकान्यात संस्थेच्या अध्यक्षांनी पेन्सिलनं 'घरगुती' लिहून पाठवलं होतं.

"आमच्या घरात काय झालंय?" आईनं विचारलं.

"तसं लिहायची पद्धत आहे."

"पद्धत घाला चुलीत! पोरगी तुमच्या जिन्यात मोडली. वर्षभर तो तिला छळत होता, एकानं तरी हटकलं?"

क्लार्कबाईंनी पेन्सिलीतला शब्द खोडला आणि शाईनं लिहिलं: शाळेत मारहाण.

अध्यक्षांनी त्यांना भर बैठकीत फैलावर घेतलं. "शाळेची अब्रू चव्हाट्यावर मांडलीत!"

बाईंनी एक कागद टेबलावर आपटला. "दोन वर्षांत तीन मुली अशाच शाळा सोडून गेल्या. त्यांची फी बुडाली. वकील लावला, जिन्यात कॅमेरे बसवले, मारहाण रोखली नाही म्हणून चौकशीत अडकलेल्या शिक्षकाच्या जागी बदली माणूस घेतला. सगळं मिळून त्या समुपदेशकाचा सहा वर्षांचा पगार निघतो. आणि यात त्या पोरीच्या आईवडलांनी दवाखान्यात ओतलेला एक पैसाही धरलेला नाही."

"तिचं काम तुम्हीच बंद केलंत ना?" खजिनदार हसले.

"हो, मीच. अक्कल गहाण पडली होती माझी. तुमची अजून सुटलेली नाही. नव्या फाटकाला याच्या दुप्पट पैसे मंजूर केलेत."

"असली थेरं आपल्या संस्कारी शाळेत नसतात," अध्यक्ष म्हणाले.

"मग कॅमेरे कशाला बसवले? कबुतरं मोजायला?"

तासभर तोंडातोंडी झाली. शेवटी पालकांच्या प्रतिनिधीनं हा कागद सगळ्या पालकांना वाटायची धमकी दिली, तेव्हा कुठे एका वर्षासाठी, आठवड्यातून एकच दिवस समुपदेशक ठेवायचं मंजूर झालं. त्याच आठवड्यात क्लार्कबाईंची बदली मागच्या कोंदट दप्तरखान्यात झाली.

समुपदेशक बाई रुजू झाली तेव्हा हजेरीपत्रक न्यायला तिला तिथंच जावं लागलं.

"आभार मानायला आलेले नाही," ती दारातूनच म्हणाली. "तुमच्यामुळे दोन वर्षं गेली. ती मुलगी तेव्हा माझ्याच वर्गात होती."

"माहीत आहे," क्लार्कबाई म्हणाल्या. त्यांनी हजेरीपत्रक पुढे केलं. "दहावीच्या मुलांचा तास आधी घ्या. ते दुपारनंतर सटकतात."

तिनं ते घेतलं आणि ती पाठ फिरवून चालू लागली.