निळं पडलेलं पीस

बाल्कनीचं ऊन पडतं त्या भिंतीवरची फ्रेम पुसताना बायकोने विचारलं, "हे पीस निळंच होतं ना रे?"

"नाही गं, हिरवं होतं. मी स्वतः उचललंय," मी म्हणालो. हेच वाक्य मी पूर्वी ऐकलेलं.

नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये मी हिरव्या मॅगपाय पक्ष्यांवर बोललेलो. त्यांच्या चार जाती, चारही हिरव्यागार, लाल चोचीच्या. बोलणं संपल्यावर दिवा गावातून आलेले जाधवकाका उठले. ते आसामात फौजेत ड्रायव्हर होते. सोबतच्या शाळकरी नातीने वहीतून एक आकाशी पीस काढून तळहातावर धरलं. "साहेब, हे त्याच पाखराचं. हिरवं होतं, मी स्वतः उचललंय. कित्येक वर्षं खिडकीजवळच्या शोकेसमध्ये ठेवलेलं."

"काका, हे निळ्या मॅगपायचं, ते पाखरूच वेगळं. फौजेत रंग शिकवत नाहीत वाटतं?" हॉल हसला. ते हसणं मला आवडलेलं, हे आज लिहिताना कान तापतात.

उजेडाने हिरव्या मॅगपायच्या पिसातला पिवळा रंग उडतो आणि निळा तेवढा मागे राहतो. काकांनी खिडकीचं सांगितलेलंसुद्धा. मी ऐकलंच नव्हतं.

"माझाच घोळ झाला असेल, बाळा," त्या दिवशी काका नातीला हळूच म्हणाले. तिने पीस परत वहीत ठेवलं नाही. खुर्चीवर टाकलं आणि आजोबांचा हात न धरता पुढे चालू लागली.