चार्ज कोणाला देऊ?

रेल्वे बंद झाली, रूळ उचलून नेले, खडीवर मातीची पायवाट झाली आणि नदीच्या कडेकडेने झाडं, बाकं, झोपाळे आले. पण फाटकवाला होता तिथेच राहिला. उद्यानवाल्यांनी शोभेसाठी फाटक ठेवलं, त्याची बसायची गुमटी रंगवली आणि त्यालाच राखणदार म्हणून नेमलं. पायवाट ओलांडताना तो अजूनही आधी डावीकडे, मग उजवीकडे बघतो. सायकलवाली पोरंटोरं हसतात. हसोत बापडी!

बायकोला मात्र हसू येत नसे. उभा संसार तिने जणू या फाटकाशीच केला होता. लग्नकार्याला ती एकटी जायची आणि हा आपला हिरवा बावटा धरून उभा. आता तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. "चालता येतंय तोवर चालून घ्या," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापासून तिने एकच धोशा लावला होता. वाटेच्या टोकाला नदीवरचा जुना पूल आहे, तिथवर एकदा दोघांनी जोडीने जायचं.

"जाऊ की," तो म्हणायचा, "पण चार्ज कोणाला देऊ?"

इथेच घोडं अडायचं. बदलीचा माणूस समोर उभा राहून "चार्ज घेतला" म्हणेपर्यंत फाटक सोडायचं नाही, हा नियम त्याच्या हाडीमासी मुरला होता. गाडी नसली म्हणून काय झालं?

शेवटी एका सकाळी बायकोने उद्यानातल्या माळीणबाईंना पुढे घातलं. त्यांच्या हातातला पाइप अजून गळत होता. पढवलेलं त्या एका दमात बोलल्या, "फाटक उघडं, लाइन मोकळी, चार्ज घेतला. निघा आता!"

"लाइन कुठाय?" फाटकवाला पुटपुटला.

"तेच तर मी कधीची सांगतेय!" बायको म्हणाली.

निघाला बिचारा. आधी सारखा मागे वळून बघत होता. वळणापलीकडे फाटक दिसेनासं झालं आणि गडी खुलला. आयुष्यभर त्याने गाड्या या वळणापर्यंतच पाहिल्या होत्या. पुढे नदी एवढी रुंद होते, हे त्याच्या गावीही नव्हतं. "अगं, ते बगळे बघ!" म्हणत तो पुढे पुढे पळायला लागला. पूल दिसला तसा तर सुटलाच. मागून हूं की चूं नाही म्हणून वळला, तर बायको गुडघा धरून बाकावर टेकलेली.

"तुम्ही या बघून," ती म्हणाली. "माझ्याच्याने नाही व्हायचं आता."

तोंड हसरं होतं, पण डोळे भरले होते. हिला आपण जन्मभर एकटीला पाठवलं आणि सोबत निघालो तेव्हा हा एवढा उशीर!

तो परत आला, चपला काढल्या आणि तिच्या शेजारी ऐसपैस बसला.

"अहो, पूल राहिला ना!"

"पूल काय गाडी आहे, सुटायला?" तो म्हणाला. "बस निवांत. दुखायचं थांबलं की जाऊ. नाही थांबलं, तर उद्या येऊ."