मोडक्या चोचीचा खंड्या

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर ठसा पाठवतात. त्यावरून भाऊजी प्लास्टरचा साचा करतात, मग मेणाची हिरडी, आणि शेवटी दात बसवतात. घरामागच्या खोलीत छत्तीस वर्षं हे काम चालू आहे. तिथल्या प्रत्येक वस्तूवर पांढरी धूळ असते, भाऊजींच्या भुवयांवरसुद्धा. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती तोंडं त्यांना सहसा दिसत नाहीत. पण एखादी कवळी टोचते म्हणून परत आली, तर त्या दिवशी त्यांना जेवण जात नाही.

खोलीच्या मागे विटांसाठी माती काढून झालेला जुना खड्डा आहे. त्यात बारमाही पाणी असतं. तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढल्यावर भाऊजींना लांबचं लख्ख दिसू लागलं, आणि त्या काठावरचा खंड्या दिसला. महिन्याभरात कॅमेरा आला. खंड्याला सूर मारताना टिपायचं, हे एकच वेड. वर्षभर नुसत्या शिंतोड्यांचे फोटो निघाले. अखेर फोटोग्राफीच्या क्लबात कोणीतरी युक्ती सांगितली: काचेची टाकी काठाशी पाण्यात बुडवायची, तिच्यात जिवंत मासे सोडायचे आणि वर एक वाळकी फांदी रोवायची. खंड्या नेमका तिथेच सूर मारतो.

तसा तो मारायला लागला. सकाळी सातला मासे, सव्वासातला खंड्या हजर. मासे तळाशी दडतात म्हणून भाऊजींनी टाकीत विटा रचून वर फरशीचा तुकडा ठेवला. पाणी जेमतेम चार बोटं उरलं. आता फोटोत मासा आणि चोच एकत्र येऊ लागली.

"घरजावई केलाय त्याला," ताई म्हणायची. "त्याचं ताट वेळेवर, आणि माझ्या चहाला दूध आणायचं लक्षात राहत नाही."

त्यातला एक फोटो क्लबाने वार्षिक प्रदर्शनासाठी निवडला. मोठा छापायचा म्हणून भाऊजी तो संगणकावर तपासत होते, मी शेजारी बसलो होतो. मोठा करत करत ते चोचीपाशी आले आणि त्यांचा हात थांबला. दाताची कड किती झिजली हे ठशावरून ओळखणारा माणूस तो. चोचीचं टोक उजव्या बाजूने तुटलेलं होतं. त्यांनी दोन महिन्यांपूर्वीचा फोटो काढला. त्यात टोक शाबूत होतं.

ते उठून पाण्याशी गेले, फरशी काढून आणली आणि तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले. दुसरीकडे कुठे आपटला नसेल कशावरून, असं मी म्हणून पाहिलं.

"असेलही," ते म्हणाले. "पण इथलं पाणी कमी कोणी केलं? आणि आता याला कवळी कुठून बसवू?"

जनावरांच्या डॉक्टरांनी धीर दिला. चोच नखासारखी वाढते, मूळ धड असेल तर टोक पुन्हा येईल. मात्र मासे एकदम बंद केले तर तो उपाशी राहील, आणि चालू ठेवले तर स्वतः शोधणार नाही. मोडक्या चोचीने त्याला आपलं पोट भरता येईल का, एवढाच आता प्रश्न होता.

कॅमेरा कपाटात गेला. टाकी खोल उतरवली. पहिल्या आठवड्यात रोज आठ मासे, मग सहा, मग चार. दर आठवड्याला टाकी आणि फांदी थोडी पुढे सरकवायची, लव्हाळ्याकडे, कारण खड्ड्यातले मूळचे बारके मासे तिथे जमतात.

मधेच क्लबाच्या अध्यक्षांचा फोन आला. रविवारी दहा सभासदांना यायचं होतं, मासेही तेच आणणार होते. भाऊजी नाही म्हणाले, तेव्हा त्यांनी विचारलं, पक्ष्याला आयतं खायला मिळतं, यात त्याचं नुकसान काय?

"मासे आपण त्याच्यासाठी टाकत नाही, फोटोसाठी टाकतो," भाऊजी म्हणाले. "म्हणून तर पाणी किती खोल आहे, हे मला सुचलंच नाही. माझा फोटो लावायचा असेल तर खाली लिहा की मासे मी सोडले होते, आणि चोचही माझ्यामुळेच मोडली."

अध्यक्ष विचार करतो म्हणाले. अजून करताहेत.

टाकी उचलली त्या दिवशी मी रजा काढली. आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलो. दहा वाजेपर्यंत खंड्या फांदीवरून खालच्या पाण्याकडे बघत होता. शेवटी ताईच उठली आणि उरलेल्या माशांचं भांडं घेऊन निघाली.

"दोनच टाकते हो. एवढ्याने काय बिघडतंय?"

भाऊजींनी भांड्याला हात लावला. "उद्यापर्यंत थांब. उद्याही जमलं नाही, तर मी स्वतः टाकीन."

साडेदहाच्या सुमारास त्याने लव्हाळ्यापाशी सूर मारला. रिकामा वर आला. थोड्या वेळाने पुन्हा, पुन्हा रिकामा. ताईने तोंड फिरवलं. तिसऱ्या वेळी त्याच्या चोचीत काहीतरी चमकलं. त्याने ते फांदीवर दोनदा आपटलं, फिरवलं आणि गिळलं.

भाऊजी काचेला नाक लावून बघत होते.

"डावीकडून धरतोय," ते म्हणाले. "दुखरी बाजू वाचवून खातोय शहाणा."

तोवर खंड्याने चौथा सूर मारला होता.