मांडीवरचं शिलाई मशीन

तीस वर्षं कॉलेजात शिकवलेली अमेरिकन कादंबरी निवृत्तीनंतर कपाटात सापडली, म्हणून सातारा-सांगली एसटीत ती उघडून ऐटीत बसलो. शेजारच्या बाईच्या मांडीवर शिलाई मशीन होतं. तिनं विचारलं, तशी मी गोष्ट सांगितली : एक बाई स्वाभिमानासाठी नवऱ्याचं घर सोडते.

"मग पोट कशावर भरलं तिनं?"

"ते पुस्तकात नाही," मी ठोकून दिलं.

मशीनच्या चाकावरून पदर फिरवत ती म्हणाली, "आवं सर, तीच तर खरी गोष्ट हाय. मी बी आजच निगालीया."

कऱ्हाडला ती मशीन डोक्यावर घेऊन उतरली. मी घाईघाईनं पुढची पानं उलटली. शिवणकाम, खानावळ, भाड्याची खोली, सगळं तिथं होतं. आणि पानापानावर, माझ्याच अक्षरात, लाल पेन्सिलीनं : 'परीक्षेला नाही.'