बाजूले कोनी आहे का?

सगळ्यात आधी हलली ती लोणच्याची बरणी.

मी आणि शेवंता, दोघी सालेकशाकडच्या, गोंदियात बी.ए.ला होतो. फुलचूरला खोली घेतली त्या दिवशी घरमालकीण काकूंनी आडनावं विचारली. मी म्हटलं उईके, शेवंता म्हणाली मडावी. काकू "बरं बरं" म्हणाल्या आणि सामायिक ओट्याजवळच्या खिडकीतली बरणी उचलून आपल्या खोलीत घेऊन गेल्या. मी कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी. दिवसभर त्या बरणीचाच विचार करत बसले. शेवंता म्हणाली, "मले तं लोणचं आवडतच नाही. बरणी उगाच भेली."

गोंडाची पोरगी शहरात राहायला आली की असे किस्से जमवावे लागत नाहीत, ते भाड्याच्या खोलीसोबतच मिळतात. आमच्याकडे इतके साठले की अजूनही दोघी भेटलो की निम्मा वेळ त्यातच जातो. तेव्हा मात्र हसू फक्त शेवंताला यायचं. माझा उपाय एकच होता, लपवायचं. आणि तो मी इतका मन लावून केला की शेवटी त्यापायीच माझी नोकरी जायची वेळ आली. पण ते नंतर.

*

घरचा फोन काकूंच्या लँडलाइनवर यायचा. एकदा आईशी बोलताना मी विसरले आणि गोंडीत सुरू झाले. मागे काकू उभ्या. ही कोणती भाषा म्हणून त्यांनी विचारलं. शेवंता भांडी घासता घासता म्हणाली, "तेलुगू."

काकूंना काय आनंद झाला! मागच्या गल्लीत रेल्वेतून रिटायर झालेले एक अंकल होते, आंध्राकडचे. संध्याकाळी काकू त्यांनाच घेऊन आल्या. मी खोलीत कडी लावून बसले. शेवंता बाहेर गेली. अंकल म्हणाले, "बेटी, ज़रा गिनती सुनाओ."

शेवंतानं सरळ आपली गिनती सुरू केली. उंदी, रंड, मुंड, नालुंग, सय्युंग, सारुंग. दोन-तीन-चारला अंकल मान डोलावत होते. पाचला थांबले. सहाला त्यांनी चष्मा काढून पुसला. मग काकूंकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "गाँव की है. बहुत पुरानी तेलुगू. हम लोग भूल गए."

दुसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी परत खिडकीत!

*

कॉलेजात स्कॉलरशिपची यादी लागली की मी बोर्डाकडे फिरकायचे नाही. गर्दी पांगल्यावर शेवंता माझं नाव बघून यायची. एकदा आमच्या वर्गातल्या एका मुलीनं तिला तिथेच गाठलं. तुमचं बरं आहे, आडनाव सांगितलं की सगळं मिळतं, असं काहीतरी म्हणाली. वाईट मुलगी नव्हती, सगळे म्हणायचे तेच म्हणाली.

शेवंता म्हणाली, "घे ना मंग. आजच देतो माया आडनाव तुले. पर संगं गाव बी घ्या लागते."

त्या मुलीनं हसत विचारलं, गाव कुठे आहे?

"बस सोडली का दोन घंटे पायी. पावसाळ्यात नाला उतरला तं. नाही उतरला तं तिकडंच राहाचं."

त्यानंतर ती मुलगी रोज शेवंताशेजारी बसायची. आडनाव मात्र तिनं नेलं नाही.

*

हा किस्सा सांगताना मी आधी पाणी पिते.

परीक्षेच्या वेळी आई राहायला येणार होती. आईच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण आहे. मी निरोप धाडला, पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून ये, आणि काकूंसमोर जास्त बोलू नको. मे महिना, गोंदियाचं ऊन. आई आली ती मनगटापर्यंत झाकून, घामानं निथळत. काकूंनी तिच्याकडे बघून विचारलं, बाई, ताप आहे का?

आईनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. आई म्हणाली, "हो, आहे."

काकूंनी लगेच तापाची गोळी आणली. काकू तशा मायाळू, गोळी गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. आईनं गिळली. संध्याकाळी आणखी एक.

खोलीत आल्यावर मला रडू फुटलं. आई बाह्या वर सारत म्हणाली, "कायले रडतं? तुयासाठी दोन दिवस ताप आला तं का झालं?"

*

पुढे दोन-तीन वर्षांनी मला क्लार्कची नोकरी लागली. जमातीच्या दाखल्याची पडताळणी त्याच महिन्यात झाली नाही तर नोकरी जाणार होती. कागद सगळे बरोबर होते, फक्त एकदा समोर बसून प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. सोबत शेवंता आली.

टेबलामागे एक मॅडम होत्या. शुद्ध, कोरडं मराठी. बाहेर मरणाचं ऊन आणि त्यांच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचे देव किती?"

आमच्यात हे नाव विचारण्यासारखं असतं. कोणी चार देवांचे, कोणी सहा, कोणी सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊबहीण, त्यांच्यात लग्न होत नाही. आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही आपले देव माहीत असतात. आणि माझं डोकं कोरं. चार का सहा? लपवता लपवता मी माझ्यापासूनच लपवून ठेवलं होतं.

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं आणि जेवणानंतर या म्हणाल्या.

मी व्हरांड्यात येऊन शेवंताला विचारलं. ती डोक्याला हात लावून म्हणाली, "माये सात. तुया भावासाठी मले मागणं आलं होतं, म्हणजे तुये सात नाही एवढं पक्कं. पुढचं घरी विचार."

घरी एकच मोबाइल होता. रेंज येते म्हणून तो पडवीतल्या खुंटीला पिशवीत टांगलेला असायचा. लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तेच. मग नुसतीच रिंग. माझ्या फोनचा कानातला आवाज गेलेला, त्यामुळे सगळं स्पीकरवर. बाकावरची माणसं ऐकत होती. आत मॅडमचा डबा उघडल्याचा आवाज आला. सहाव्यांदा लावला, सातव्यांदा लावला. शेवंता रिंग मोजत होती.

आठव्यांदा कोणीतरी फोन उचलला.

"आई! आपले देव किती?"

पलीकडून आई अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाजूले कोनी आहे का?"

मी बाकाकडे बघितलं. बाक माझ्याकडे बघत होता.

"आहेत," मी म्हटलं. "भरपूर आहेत. जोरात सांग."

आईनं नाल्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं सांगितलं, "सारुंग!"

आणि आतून, तोंडात घास असल्यासारखा, मॅडमचा आवाज आला, "सहा. लिहिलं. या आत."