चेंडू अंगावर घेणारी पोर

बायांनो, च्या घ्या आन् माझ्यावर इस्वास ठेवून दाखवा! न्हाई जमायचं. माझ्या पोरानं, नितीननं, तर कवाच सोडलाय. "आई सांगते त्यातलं निम्मं खोटं असतं," म्हनतो. निम्मं कंचं, ते मात्र त्याला अजून घावलं न्हाई!

आमच्या सईचं किस्सं असंच साठत गेल्यात. हितं कपाटाला प्रेस म्हनत्यात न्हवं, आमच्या प्रेसमधल्या डब्याच्या झाकनांवानी. एक काढाय जावं तर समदी अंगावर येत्यात.

सई म्हंजे माझी नात. लॅक्रॉस खेळती. अमेरिकेतल्या टीमची गोलकीपर हाय, पगारावर. हसू नका!

*

पयल्यांदा मी हितं ॲडम्सटाउनला, पोराच्या घरी, आले तवा सई शाळेत व्हती. दाराशी एक लांब काठी, टोकाला जाळी. म्या लगीच वळखलं. आंबं काढायचा झेला! पोराला आईची केवढी काळजी!

आंबा तर हितं न्हाई. पन शेजारच्या सफरचंदाच्या फांद्या आमच्या कुंपनावर आलेल्या. पिशवी भरून काढली, चटनी बी केली.

आनखी चार काढत व्हते, तवर सई शाळेतनं आली. "आजी! दॅट्स माय मॅच स्टिक!"

"मंग? मोडली का?"

तेवढ्यात कुंपनापल्याड शेजारचा आयरिश म्हातारा हुभा. त्याची सफरचंदं, माझ्या हातात झेला! आता पोलीस! त्यानं माझ्याकडं बघितलं, झेल्याकडं बघितलं आन् म्हनला, "फेअर प्ले टु यू, मिसेस!" म्हंजे हितली शाबासकी. मंग वरच्या फांदीची बी काढून घेतली माझ्याकडनं!

*

मंग तिची मॅच बघाय गेले. लॅक्रॉसचा चेंडू म्हंजे रबरी दगुड. जाळीच्या काठीतनं सुटतो तवा दिसत बी न्हाई. आमची सई गोलाच्या तोंडाशी हुभी, डोक्याला हेल्मेट, छातीला चिलखतावानी पॅड.

एका उंच पोरीनं चेंडू मारला. सईच्या छातीवर धप्प! आन् आमच्या बाजूच्या समद्या बाया टाळ्या वाजवाय लागल्या!

पोरीला मारलं आन् टाळ्या? मी पदर खोचला आन् गेले मैदानात. पंचानं शिटी वाजवली. नितीन मागनं पळत आला. "आई, बाहेर ये! चेंडू अंगावर घेणं हेच तिचं काम आहे!"

"कामाला दुसरं कुनी मिळालं न्हाई?"

सई हेल्मेटातनं म्हनली, "आजी, आय'म ग्रँड."

हे तिचं 'ग्रँड', म्हंजे 'मी झ्याक हाय', लई वंगाळ. मांडीवर वांग्यायेवढा काळानिळा डाग, तरी ग्रँड. अंगठा सुजलेला, ग्रँड. सून केतकी डॉक्टर हाय. ती तर डाग दाबून बघायची आन् म्हनायची, "छान, खोल नाहीये." असल्या घरात माझ्यासारख्या भित्रीनं कुनाकडं बघायचं?

*

गॉलवेला मोठी मॅच व्हती. अमेरिकेची मान्सं पोरी निवडाय आलेली. मी घरनंच मीठ-मोहऱ्या, मिरच्या घिऊन गेले. गाड्या लावायच्या जागी सईला हुभी केली, दृष्ट काढली. तिची कोच, लालबुंद गालाची बाई, बघत व्हती. तिनं बी टोपी काढून डोकं पुढं केलं!

माझ्या अंगात किडा. मागं सईला चेंडू मारल्याली ती उंच पोरगी समोरच्या टीमात व्हती, फुडनं चाललेली. म्या मूठ तिच्याकडं केली आन् उलटी फिरवली. नुसती गंमत! डोळं बी मोठ्ठं केलं.

मॅच सुरू झाली. ती उंच पोरगी पळत आली, कुनाचा धक्का न्हाई, काय न्हाई, पाय मुरगळून खाली! तिला उचलून भाईर आनली. जाता जाता तिनं माझ्याकडं बघितलं.

समदी मॅच मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. शेवटाला लंगडत आली ती पोरगी, मला म्हनली, "प्लीज, कॅन यू अनडू इट?"

तवापास्नं कुनाला टाटा करायचा म्हनलं तरी इचार करती.

*

अमेरिकेनं सईला घेतली. नितीन नाचला. आपल्या मंडळातल्या एक काकू आल्या, त्यास्नी काय पटंना. "खेळते ते ठीक, पण नोकरी काय करते?"

"गोलात हुभी ऱ्हाती."

"नुसती उभी?"

म्या म्हनलं, "तुमचा जावई बी घरनं काम करतो न्हवं? त्यो तर बसल्याला असतो!"

काकू च्या न पिताच गेल्या.

*

आता हे ऐका, पन हसू नका.

सईची मॅच हितं टीव्हीवर संध्याकाळची लागायची. चेंडू गोलाकडं आला की मी टीव्हीवर टॉवेल धरून पुढं हुभी, बघवायचंच न्हाई. नितीन वरडायचा, "आई, काच नाहीस तू, बाजूला हो!" त्या दिवशी बी हुभी ऱ्हायले. पन टॉवेलाच्या वरनं दिसलंच. चेंडू हेल्मेटावर, कानाच्या जागी. सई गुडघ्यावर आली, मंग आडवी झाली. उठंना.

आन् टीव्हीवर जाहिरात लागली! कुत्र्याच्या खान्याची. कुत्रं उड्या मारतंय.

केतकीनं रिमोट घेतला, आवाज वाढवाय लागली. कायबी व्हईना. डॉक्टर बाई, रोज मान्सं वाचवती. रिमोट उलटा धरला व्हता. कुनी सांगितलं न्हाई तिला.

मंग फोन आला. सई बोलली. सावकाश, येक येक शबुद. ग्रँड म्हनली न्हाई.

*

बरी व्हायला घरी आली. मेंदूला धक्का बसल्याला, म्हनून खोलीत अंधार, फोन बंद, मोठ्यानं बोलायचं न्हाई. मला तर नितीनची ताकीदच, "आई, तिला हसवू नकोस, डोकं दुखतं." म्या आयुष्यात एवढी गप कवा बसले न्हाई. दाराशी बसून लसून सोलायचे, आन् ती आतनं म्हनायची, "आजी, यू देअर?"

"हाय."

एवढंच.

बरी झाली, डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली. शुक्रवारचं विमान. आन् मागच्या अंगनात ती गोलात हुभी ऱ्हायली, तवा चेंडू मारायला कुनी तयार न्हाई. नितीन म्हनला, "माझा हातच उठत नाही." शेवटाला काठी मी घेतली.

पयला चेंडू हळूच टाकला. त्यो तिच्या बाजूनं गेला. दुसरा बी. तवा मला दिसलं. चेंडू यायच्या आधी सई डोळं मिटत व्हती.

तिला बी कळलं मला दिसलंय ते. "आजी, प्लीज. नको सांगूस आईला."

सांगितलं असतं तर विमान चुकलं असतं. पोर घरी ऱ्हायली असती. बायांनो, मला तेच पायजे व्हतं! सैपाकघराच्या खिडकीत केतकी भांडी घासत व्हती. हाक मारायची खोटी.

मी घरात गेले आन् डिंकाच्या लाडवांचा डबा घिऊन आले. पाक पुढं गेल्याला, लाडू असलं टनक की नितीन म्हनतो हातोडी द्या. सईचा जीव त्याच्यावर. म्या म्हनलं, "झेलशील त्यो तुझा, पडंल त्यो शेजारच्या कुत्र्याचा!"

पयला कुत्र्याला गेला. दुसरा बी. कुत्रं कुंपनाशी येऊन बसलं. तिसऱ्याला सई वरडली, "नॉट फेअर!" आन् झेलला. मंग झेलतच गेली. हेल्मेटातनं तिचं डोळं दिसत व्हतं, लाडवावर, टक लावून. 

डबा रिकामा झाला. सईनं गवतातनं खरा चेंडू उचलला, माझ्या जाळीत ठिवला. "आता हा. जोरात मार, आजी."

"मला भ्या वाटतंय गं."

"मला पण."

ती गोलात जाऊन हुभी ऱ्हायली. म्या व्हता न्हवता तेवढा जोर लावला आन् फेकला.

थप्प असा आवाज आला. मंग काय बी न्हाई. कुत्रं बी गप.

"आजी," सई म्हनली, "आता तू उघड डोळे."

जावा आता घरला. च्या संपला.